हापूससाठी पिंजरा

"लोखंडाला लोखंड चिकटवायला अशी काय मोठी अक्कल लागते," हे वाक्य मी दिलावरभाईंच्या वर्कशॉपमध्ये, चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो. वाक्य म्हणून ते वाईट नव्हतं. सत्तावीस वर्षं प्राथमिक शाळेत मुलांना वाचायला शिकवल्यावर माणसाच्या तोंडून वाक्यं बरी निघतात. ती कुठे म्हणू नयेत, हे मात्र कुठल्याच इयत्तेला नसतं.

दिलावरभाईंनी डोळ्यांवरची काळी काच वर केली. माझ्याकडे पाहिलं. हातातली सळी खाली ठेवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मग गुरुजी, तुमीच करा की."

त्यांनी आवाज चढवला असता तर मी वाचलो असतो. भांडण झालं असतं, मग चहा झाला असता आणि पुढच्या शनिवारी पिंजरा मिळाला असता. पण ते मऊ बोलले आणि चारही गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. त्यातल्या दोघांना मी पाढे शिकवले होते. मी म्हणालो, "करतोच."

पिंजरा हवा होता हापूससाठी. हापूस हे आमचं कुत्रं. पिल्लू असताना रंग पिकल्या आंब्याचा होता, म्हणून श्रेयाने हे नाव ठेवलं. आता रंग उतरलाय, नाव राहिलंय. आमच्या भागात उसाला लागून घर असलं की दिवेलागणीला कुत्री पिंजऱ्यात जातात आणि माणसं टीव्हीसमोर. बिबट्या अंगणातून जातो, दोघांनाही बघतो आणि पुढे जातो. त्यात कोणाला फारसं नवल राहिलेलं नाही. आमचा हापूस मात्र पिंजऱ्यावाचून होता. तो श्रेयाच्या खोलीत, तिच्या पलंगाखाली झोपायचा. "चार पायांचं जनावर उंबऱ्याच्या आत येईल त्या दिवशी मी माहेरी," असं श्रेयाच्या आईने लग्नातच सांगितलेलं. पलंगाखाली कोण घोरतं ते तिला ठाऊक होतं. लेक घरात आहे तोवर ते ठाऊक नाही असं ठरलं होतं.

आणि लेक चालली होती. श्रेयाला पुण्यात नर्सिंगला जागा मिळाली. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत हॉस्टेलला हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या यादीत जाणार, असं पत्रात ठळक अक्षरांत होतं. पत्र वाचून श्रेयाने घडी घातली आणि सांगितलं, "हापूसची सोय झाल्याशिवाय मी हलणार नाही." माझी लेक कमी बोलते. जे बोलते ते आईच्या वळणाचं असतं. मग त्यात खाडाखोड होत नाही.

दिलावरभाईंनी सलग पाच शनिवारांचे वायदे दिले होते. ऊस तुटायला लागायच्या दिवसांत ट्रॉल्यांच्या दुरुस्त्या निघतात, त्यांना उसंत नव्हती. हे मला सहाव्या शनिवारी, ते वाक्य बोलून झाल्यावर आठवलं.

सोमवारला सोळा दिवस उरले होते.

मी मशीन घेणार ही बातमी वस्तीवर माझ्याआधी पोचली. आमचे शेजारी हौशीराम, एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले आणि सल्ल्यातून न झालेले, संध्याकाळीच ओट्यावर येऊन बसले. त्यांचं म्हणणं, मशीन घ्यायची तर तांब्याची, जुन्या पद्धतीची, तेलाने भरलेली. "गुरुजी, चार मान्सांनी उचालली पायजे ती मशीन. एका हातात मावती ती मशीन न्हाई, डबा व्हतो तो." उलट माझा मेहुणा रामदास, राहणार मंचर, याने फोनवरून सांगितलं की तांब्याचा जमाना गेला, आता इन्व्हर्टर मशीन. रामदासने आयुष्यात खिळा ठोकलेला नाही, पण वेल्डिंगचे व्हिडिओ तो रोज जेवताना पाहतो. त्याने मला एकामागून एक अकरा व्हिडिओ पाठवले. पहिल्यात एक गोरा माणूस चकाचक गॅरेजात उभा राहून हसत होता. त्याच्या गॅरेजात कांदे नव्हते.

आमच्या गॅरेजात होते. गॅरेज बांधलं मोटारीसाठी. शटर बसवलं, उतार केला, मोटार घेतली नाही. रिकामी जागा आपल्याकडे फार दिवस रिकामी राहत नाही. आधी सायकल आली, मग सरपण, मग साळुबाईंचे कांदे. साळुबाई म्हणजे पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या. त्यांनी "चार दिस" म्हणून ठेवलेले कांदे तिसऱ्या हंगामात होते.

आळेफाट्याच्या दुकानात मशिनी ओळीने मांडल्या होत्या. लहान, मधली आणि मोठी. दुकानदाराने विचारलं, शेतीसाठी पाहिजे का धंद्यासाठी. मी म्हणालो, कुत्र्यासाठी. तो गिऱ्हाइकाला उलट प्रश्न न विचारणाऱ्यांपैकी होता. एवढंच म्हणाला, "आधी कधी चालवलीय का?" मी म्हणालो, अभ्यास चालू आहे.

लहान मशीन हलकी, नवशिक्याला बरी, पण जाड लोखंडाला कच्ची. मोठी धंद्याची. मी मधली घेतली. शाळेत मधला बाक, लग्नाला मधल्या आकाराचं कार्यालय, मोटारसायकलीत मधलं मॉडेल. निवड करायची वेळ आली की माझा हात आपोआप मध्ये जातो. याला लोक विचारीपणा समजतात आणि मी खुलासा करत नाही. मशीनसोबत सळ्यांचा पुडा, काळ्या काचेचा मुखवटा, चामडी हातमोजे आणि कापायचा ग्राइंडर. पट्ट्या, चौकोनी पाइप आणि गज दुसऱ्या दुकानातून टेम्पोने आले. टेम्पोवाल्याने उतरवताना विचारलं, शाळेचं गेट का. मी हो म्हणालो. सगळ्यांनाच सगळं सांगत बसायचं कारण नव्हतं.

वेल्डिंग तसं सोपं आहे. सळीचं टोक लोखंडाला हलकेच घासायचं, ठिणगी पडली की किंचित उचलायचं, आणि मग मुंगीच्या चालीने पुढे न्यायचं. जात्यावर बसलेल्या बाईचा हात जसा जड नाही नि हलका नाही, तसा. हे मला कळलं होतं. हाताला कळलं नव्हतं. मी घासलं की सळी चिकटायची. ओढली की पट्टी उचलून यायची. काळ्या काचेतून ठिणगी पडेपर्यंत काही दिसत नाही, आणि पडल्यावर फक्त ठिणगी दिसते. त्यामुळे पहिले दोन दिवस मी जे जोडलं, ते मला वाटत होतं त्याच्या शेजारचं होतं. तिसऱ्या दिवशी काच वर करून जोडावं, म्हणजे निदान नेम तरी लागेल, असं ठरवलं. नेम लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी पापण्यांखाली नदीची वाळू भरल्यासारखं झालं. मी डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलो, साळुबाई शेळीचं दूध घेऊन आल्या, रामदासने अकराव्या व्हिडिओत हेच सांगितलं होतं असा निरोप दिला, आणि मी काळा चष्मा लावून शाळेत गेलो. तिसरीच्या वर्गाने मला उभं राहून जे नमस्ते केलं, तसं त्यांनी यापूर्वी फक्त आमदारांना केलं होतं.

पाचव्या दिवशी ठिणगी धरली. ती धरताच वस्तीवरचे सगळे टीव्ही मंद झाले. मालिकेतल्या सासूचा चेहरा काळवंडला, असं साळुबाई नंतर म्हणाल्या, आणि ते त्या भागात शोभतही होतं. पण वायरमन आला. त्याने मीटरकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि मला भार वाढवायचा अर्ज सांगितला. अर्जाला घरपट्टीचा उतारा लागतो. उतारा काढला तेव्हा कळलं, की ग्रामपंचायतीच्या दप्तरात माझं गॅरेज गोठा म्हणून आहे, आणि त्यात दोन म्हशी आहेत.

ग्रामसेवक तरुण आणि सज्जन होता. म्हणाला, "सर, गोठ्यावर वेल्डिंगचा भार मिळणार नाही. आधी गोठा रिकामा दाखवा." मी म्हणालो, तो रिकामाच आहे, कांदे सोडले तर. तो म्हणाला, कागदावर नाही. म्हशी विकल्या असतील तर पावती, मेल्या असतील तर डॉक्टरचा दाखला. ज्या म्हशी जन्मल्याच नाहीत त्या मेल्याचा दाखला कुठला डॉक्टर देईल, याचा मी एक संपूर्ण दिवस शोध घेतला. जनावरांच्या डॉक्टरांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हशींचं नाव काय होतं. मी घरी आलो.

शेवटी वायरमननेच माणुसकीचा मार्ग काढला. दुपारी दोन ते चार मालिका नसतात, तेवढ्यात काय करायचं ते करा. अर्ज चालू ठेवा, म्हणजे कोणी विचारलं तर सांगायला बरं. सुट्टीचे दिवस सोडले, तर त्यासाठी मी शाळेतून अर्ध्या दिवसाच्या रजा टाकल्या. रजेच्या कारणात 'घरगुती' लिहिलं.

इकडे घरात मशीन आहे म्हटल्यावर लोकांची मोडकी लोखंडं जागी झाली. खाटेचा पाय, सायकलचं स्टँड, तव्याचा दांडा, विळ्याची मूठ. लोक सकाळी येऊन ओट्यावर ठेवून जात आणि म्हणत, "घाई न्हाई गुरुजी, सवडीनं." एकानेही ते घेऊन वर्कशॉपला जा असं मला सुचवलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तर दिलावरभाईंचं नाव घ्यावं लागलं असतं.

पिंजरा मात्र वाढत होता. रामदास म्हणाला, जनावराला कोंडल्यासारखं वाटू नये, म्हणून तो पाच फूट उंच झाला. मग तो शटरमधून बाहेर निघणार नाही हे हौशीरामांच्या लक्षात आलं. चारी बाजू वेगळ्या काढून अंगणात उभ्या केल्या, वर पत्रा बसवला. अर्धे गज शिकण्यात गेले होते. उरलेले मी समान अंतरावर वाटून दिले. अंतर थोडं मोठं झालं, पण समानता होती. जोड दिसायला सुबक होते. एकावर एक टेकलेले मणी, बाईच्या गळ्यातल्या सरीसारखे. मी रोज संध्याकाळी त्यांवरून बोट फिरवायचो.

श्रेया कॉलेजचे कपडे शिवून घ्यायला ओतूरला जायची, आली की पिंजऱ्याकडे बघायची आणि विचारायची, "पप्पा, कधी?" मी म्हणायचो, रविवारपर्यंत. एकदा म्हणालो, सळ्या संपल्यात, आळेफाट्याला जावं लागेल. दोन दिवस त्यातच गेले. एकदा म्हणालो, डोळे दुखतात.

सोमवार उजाडला. मी श्रेयासोबत पुण्याला जाणार होतो. माझा इस्त्रीचा सदरा खुंटीला होता. ओतूर स्टँडवरून अकराची गाडी. पिंजरा उभा होता, फक्त दाराची खालची बिजागरी राहिली होती. सकाळी नऊला मालिका नसतात, बातम्या असतात, आणि बातम्या मंद झालेल्या चालतात असा मी विचार केला. बिजागरीचा आतला भाग बाहेरून हाताला येत नव्हता. मी ग्राइंडर घेऊन आत गेलो, दार ओढून घेतलं, आणि ते हलू नये म्हणून कडीच्या बाजूला चौकटीला तात्पुरता एक टाका मारायला घेतला. रीत तीच आहे. टाका मारायचा, बिजागरी जोडायची, मग टाका कापून टाकायचा.

तेवढ्यात श्रेया बाहेर आली. काचेतून मला ती दिसत नव्हती. फक्त अंधार आणि त्यात एक निळा तारा. तिचा आवाज आला, "पप्पा, मी निघायला तयार आहे."

मी म्हणालो, "झालंच." आणि हात तिथेच राहिला. किती वेळ राहिला ते सांगता येत नाही. सळी संपली तेव्हा काच वर केली. समोर निळा ड्रेस, पाठीवर बॅग, वेणी घातलेली. दार चौकटीला बोटभर रुंदीच्या ओघळाने बसलं होतं. मी ग्राइंडर उचलला, बटण दाबलं आणि लाइट गेली.

पहिल्या पाच मिनिटांत कोणालाच काही कळलं नाही. सहाव्या मिनिटाला श्रेयाची आई पोहे घेऊन आली, दार ओढलं, पुन्हा ओढलं, आणि ताटली गजांमधून आत दिली. "खाऊन घ्या," म्हणाली, "मग ओरडते."

हौशीराम करवत घेऊन आले. तिचं पातं दोन ओढींत तुटलं. मग चौघांनी मिळून दार ओढलं, लाथा घातल्या, पहार अडकवून पाहिली. सगळा जोर त्या एका दारावर. ते जागचं हललं नाही. सोळा दिवसांत मी एवढं पक्कं काही केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या गडबडीतही मला ते जाणवलं.

आमच्या तालुक्यात पिंजऱ्याभोवती गर्दी म्हणजे एकच अर्थ. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस गाडी लावून आत आला, मोबाइल वर धरून पुढे घुसला आणि मला बघून त्याने मोबाइल खाली केला. काहींनी नमस्कार केला. पावणेदहाला वनरक्षक मोटारसायकलवरून आला.

"आत काय आहे?" त्याने गर्दीला विचारलं.

"गुरुजी," कोणीतरी म्हणालं.

त्याने पिंजऱ्याला एक फेरी मारली. परवानगी विचारली. हा बिबट्याचा नसून कुत्र्याचा आहे, असं मी आतून सांगितलं. कुत्रं कुठाय, म्हणाला. हापूस बाहेर होता. लोकांनी हाक मारल्यावर तो आला, दोन गजांमधून सहज आत शिरला, माझे पाय हुंगले, पोह्यातले दाणे खाल्ले आणि पलीकडच्या गजांमधून बाहेर गेला. वनरक्षकाने टेप काढून गजांमधलं अंतर मोजलं, वहीत लिहिलं आणि मला हळूच म्हणाला, "सर, एवढ्यातून बिबट्याचा पंजा नाही, डोकं जातं." जनावर अडकलं असेल तर सोडवायची रीत त्याला ठाऊक होती. शिक्षकासाठी वरून काही आलेलं नव्हतं.

सव्वादहा वाजले. श्रेयाने बॅग खाली ठेवली आणि पायरीवर बसली.

"गाडी," मी म्हणालो.

"तुम्हाला असं टाकून कशी जाऊ?"

मग तिने फोन काढला, नंबर लावला आणि गजांमधून माझ्या कानाला धरला. कोणाचा नंबर आहे हे मला विचारावं लागलं नाही. अंगणात पन्नास माणसं होती आणि सगळी ऐकत होती.

"दिलावरभाई," मी म्हणालो, "अडकलोय."

"कशात?"

"पिंजऱ्यात."

तिकडे हातोडीचे ठोके थांबले. मग ते म्हणाले, "कुनाच्या?"

"माझ्याच. लोखंडाला लोखंड चिकटवायला अक्कल लागते, दिलावरभाई."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मी निमगाव साव्याला हाय, ट्रॉलीवर. निघालो. तासभर तरी लागंल."

तास म्हणजे अकराची गाडी गेली. पुढची गाडी पाचच्या आत पोचवेल याचा कोणी भरवसा देईना. श्रेया पायरीवरून उठेना. दिलावरकाका येईपर्यंत मी हलत नाही, जागा गेली तर गेली, पुढच्या वर्षी बघू, असं ती अगदी शांतपणे म्हणाली. ते 'पुढच्या वर्षी' ऐकून मला जे वाटलं, त्यात थोडा आनंद होता. तोच मला लागला.

मी तिला जवळ बोलावलं. गर्दीला मागे व्हायला सांगितलं. गर्दी अर्धं पाऊल मागे झाली.

"सळ्या संपल्या नव्हत्या," मी म्हणालो.

"काय?"

"त्या दिवशी. आळेफाट्याला जायचंय म्हणालो ना. आख्खा पुडा कांद्यांमागे आहे. डोळेपण एवढे दुखत नव्हते." मला पुढचं वाक्य सापडेना. "दोन्ही वेळा मीच थांबलो. आता तू नको थांबू."

ती गजांना धरून उभी राहिली. तेवढ्यात आतून श्रेयाची आई बाहेर आली. तिने घरच्याच साडीवर स्वेटर चढवला होता आणि हातात माझी पुण्याची पिशवी होती. "मी जाते हिच्यासंगं," म्हणाली. "रामदासला मंचरला गाडीत चढायला सांगितलंय. आणि ते कुत्रं..." ती थांबली. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, तिला शब्दासाठी थांबलेलं मी पाहिलं नव्हतं. "ते कुत्रं पिंजरा होईपर्यंत उंबऱ्याच्या आत घ्या. पायपुसण्यापर्यंत. पुढं नाही."

श्रेया खाली वाकली. गजांमधून हात घातला, माझा एकच पाय हाताला आला, त्याला डोकं टेकवायला गेली तर कपाळ गजाला लागलं. साळुबाई बायकांमध्ये उभ्या होत्या. त्यांच्या तोंडात ओवी आपोआप येते, शिंक यावी तशी, आणि ती त्यांना थांबवता येत नाही.

"लेक निघाली शिकाया, बाप लोखंडाच्या आड,
सांगा सांगा गं बायांनो, कुनी लावलं कवाड."

कोणी हसलं नाही. पन्नास माणसांतलं कोणीच नाही. वनरक्षकाने वही बंद केली.

हौशीरामांनी मोटारसायकल काढली, मायलेकी मागे बसल्या, बॅग पुढे टाकीवर. हापूस वळणापर्यंत धावला. तिथे थांबून बराच वेळ रस्त्याकडे बघत उभा राहिला. मग सावकाश परत आला, गजांमधून आत शिरला आणि माझ्या पायाशी अंग टाकून बसला. बिबट्या नाही म्हटल्यावर गर्दीही आपापल्या वाटेने गेली. जाणारे मला विचारून जात होते, काही लागतं का, गुरुजी. मी नाही म्हणत होतो.

साडेअकराला दिलावरभाई आले. पिशवीत करवत होती, हातोडी होती. त्यांनी आधी दाराचा टाका पाहिला. बोटाने चाचपला, वाकून पाहिला, पुन्हा चाचपला.

"ह्यो तुमी मारला?"

"हो."

"झ्याक लागलाय," ते म्हणाले. "ह्याला हात लावायला नको वाटतं."

मग ते पिंजऱ्याच्या मागे गेले. तिथल्या एका गजावर हातोडीने हलकेच टिचकी मारली. गज खाली पडला. शेजारच्यावर मारली. तोही पडला. तिसऱ्याला त्यांनी नुसता हात लावला. माझे सगळे मणी वरच्या वर बसले होते, आत लोखंडाने लोखंडाला धरलंच नव्हतं. पन्नास माणसं, एक पहार, एक सरकारी कर्मचारी, आणि सकाळपासून कोणी मागच्या बाजूला बोट लावून पाहिलं नव्हतं. मीही नाही.

"मागनं टेकला असता तरी भाईर पडला असता, गुरुजी," दिलावरभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात अजूनही तो मऊपणा होता, पण या वेळी तो टोचला नाही.

मागे दोन हात रुंद वाट झाली होती. मी उठलो नाही. घरात जायचं म्हणजे श्रेयाच्या पलंगाजवळून जायचं. साळुबाई चहा घेऊन आल्या. दिलावरभाईंनी दोन्ही कप घेतले, वाकून त्या वाटेने आत आले आणि माझ्याशेजारी खाली बसले. हापूसने त्यांना जागा करून दिली.

"शनवारी नवा करून देतो," ते म्हणाले.

मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, पोरगी कुठवर गेली. श्रेयाचा मेसेज आत्ताच आला होता. गाडीत खिडकी मिळाली, आई आत्तापासूनच झोपलीय, नारायणगाव आलं. मी तो त्यांना वाचून दाखवला. घरात ट्यूबलाइट लुकलुकली, लाइट आली. ग्राइंडर माझ्या हाताशी होता. मी त्याची पिन काढून ठेवली.

हौशीराम स्टँडवरून परत आले ते याच वेळी. मोटारसायकल उभी केली, अंगणात आले आणि आमच्याकडे बघत राहिले.

"आता दोघंबी अडाकलं का?"

"न्हाई हौशीराम," दिलावरभाई म्हणाले. "बसलोय."